भाच्याची पहिली रायफल

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. ती अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहते. सलाम-दुआ झाली आणि तिने विषय काढला. "भाईजान, तुमच्या भाच्याला हरणाच्या शिकारीला जायचंय. शेजारचे लोक दरवर्षी जातात, त्यांनी याला बोलावलंय. आणि याचे अब्बा रायफल घ्यायला निघालेत. तुम्हीच सांगा काहीतरी."

भाचा बारा वर्षांचा आहे, म्हणजे माझ्या सातवीच्या वर्गातल्या मुलांएवढा. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नको" हाच. पण फोन ठेवल्यावर मला आमच्या गावच्या घरातली ठासणीची बंदूक आठवली. दादांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता. बंदूक माळ्याजवळच्या खुंटीला असायची, दारू आणि केपा कुलूपबंद पेटीत, आणि पेटीची किल्ली दादीच्या कमरेच्या जुडग्यात. म्हणजे आमच्या घराला बंदूक काही परकी नव्हती. मग एवढ्या घाईने नको म्हणण्याचा मला काय अधिकार?

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार बंद आहे आणि एकवीस वर्षांखालच्याला बंदुकीचा परवाना मिळत नाही. तिथले चित्र वेगळे आहे. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणांची शिकार चालते. पांढऱ्या शेपटीची ही हरणे तिथे उदंड आहेत, पिकांत शिरतात, गाड्यांना धडकतात. बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय करातून १९३७पासून वन्यजीव रक्षणाला पैसा जातो. तेव्हा शिकार म्हणजे निव्वळ क्रौर्य, असे इथे बसून म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. आपल्या दीनमध्येही खाण्यासाठी शिकार जायज आहे. जिवंत प्राण्याला गंमत म्हणून निशाणा करणे मात्र मना आहे. (गोळीनेच मेलेल्या जनावराच्या हलाल असण्याबद्दल उलेमांत मतभेद आहेत. ते मेव्हण्याने तिथल्या इमामांना आधीच विचारून घ्यावे.)

आता रायफलीबद्दल. मेव्हण्याच्या मनात थर्टी-ऑट-सिक्स होती. "एकदाच घेऊ, मोठा झाला तरी चालेल." आपण शाळेचा गणवेश असाच घेतो, वाढत्या अंगाचा, बाह्या दुमडून दोन वर्षे चालवायचा. गणवेशाला हे चालते, रायफलीला चालत नाही. दस्ता लांब असेल तर मूल मान ताणून नेम धरते, दुर्बीण डोळ्याला नीट येत नाही आणि धक्क्यासरशी भुवईवर आदळते. म्हणून दस्ता मुलाच्या हाताच्या मापाचा हवा. खांद्याशी फळ्या घालून लांबी वाढवता येईल असे दस्ते मिळतात, म्हणजे काटकसरही साधते.

दुसरी गोष्ट धक्क्याची. मोठ्या काडतुसाचा धक्का एकदा खांद्याला बसला की मूल पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटते. बिघडलेले अक्षर सुधारायला किती वर्षे जातात, हे मला ठाऊक आहे. इथे तर त्या दचकण्याची किंमत हरीण मोजते. गोळी पोटात किंवा पायात लागते आणि ते जनावर जंगलात तडफडत मरते. म्हणून तिथले जाणते लोक मुलांसाठी .२४३ विंचेस्टरचे नाव घेतात. १९५५मध्ये आलेले हे काडतूस, धक्का कमी आणि नेमक्या जागी मारले तर हरणाला पुरेसे. त्याचीही रायफल फार हलकी नको, कारण बंदूक जितकी हलकी तितका तिचा झटका जास्त. प्रत्येक गोळीला खटका मागेपुढे करावा लागेल अशीच घ्यावी. त्यात विचाराला जागा मिळते.

आणि त्याही आधी .२२ने कागदावर सराव. कानाला संरक्षण लावूनच. .२२ने तिथे हरीण मारता येत नाही, पण हात त्यानेच बसतो. आम्ही उर्दू शिकलो तेव्हा आधी तख्ती आणि बोरूच होता, शाईचे पेन नंतर आले. सोबत शिकारीचे शिक्षणवर्ग करावेत. तिथे १९७३पासून जन्मलेल्यांना ते सक्तीचे आहेत. ते न करताही अनुभवी मोठ्या माणसाबरोबर, त्याच्या हाताच्या अंतरात राहून, जाता येते. आम्ही मात्र वर्ग आधी, असेच म्हणू. नळी कुणाकडेही रोखायची नाही, हा त्या वर्गातला पहिला धडा. आपल्याला तो नवा नाही. थट्टेतही भावावर शस्त्र रोखू नये, बाण घेऊन मशिदीतून जाताना त्यांची टोके हातात धरावीत, ही शिकवण आपण मदरशातच ऐकली आहे.

पण माझे खरे म्हणणे वेगळेच आहे. वीस वर्षे मी या वयाची मुले रोज पाहतो. मधल्या सुट्टीत दोघे एकमेकांचा जीव घ्यायला उठतात आणि पंधरा मिनिटांनी एकाच डब्यात जेवतात. घरी अब्बांनी मारले म्हणून एखादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो आणि दुसऱ्या दिवशी हसत येतो. या वयाला ती पंधरा मिनिटे, तो एक दिवस मिळायला हवा. उघड्यावरची रायफल तो देत नाही. कुलूप देते. अमेरिकेत २०२०पासून मुले आणि किशोरांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हेच आहे आणि त्यात आत्महत्याही आहेत. नोव्हेंबर २०२१मध्ये मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थी मारले. पिस्तूल बापाने चारच दिवसांपूर्वी घेतले होते. २०२४मध्ये आई आणि बाप दोघांनाही तुरुंगवास झाला. ते पिस्तूल होते, ही रायफल आहे, पण प्रश्न तोच. किल्ली कुणाकडे होती?

म्हणून माझे मत असे, की मुलाची पहिली रायफल मुलाची नसावीच. मापाने त्याची, मालकीने मोठ्यांची. तिजोरीत रायफल वेगळी, काडतुसे वेगळी, आणि किल्ल्या कुठे आहेत हे मुलाला ठाऊक नसावे. "आमचा मुलगा तसा नाही" हे वाक्य मी प्रत्येक पालकसभेत ऐकतो. ते बहुतेक वेळा खरेच असते. कुलूप उरलेल्या एका वेळेसाठी लावायचे असते.

हे सगळे मी बहिणीला सांगितले. भाचा शेजारीच ऐकत होता. "मामू, मग ती माझी कधी होणार?"

मी म्हटले, "बेटा, दादांची बंदूक तुझ्या नानांना सोळाव्या वर्षी पुसायला मिळाली. किल्ली तेव्हाही दादीकडेच होती."

तो गप्प झाला. पलीकडून बहीण म्हणाली, "भाईजान, तिजोरीची किल्ली मीच ठेवते."