यंत्र घेण्यापूर्वी रोहित्राकडे पाहा

कडधान्यातील भुंगेरा अख्ख्या दाण्यावर अंडी चिकटवतो आणि अळी दाण्याच्या आत वाढते. सुमारे 30 अंश सेल्सिअस तापमानात ही पिढी तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. डाळ भरडून झाली की या किडीचा धोका बराच कमी होतो. म्हणून वेळेवर होणारी भरडाई हे कीड व्यवस्थापनच होय आणि गिरणी महिनाभर बंद राहणे म्हणजे भुंगेऱ्यांची एक पिढी पोसणे होय. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने वीजपुरवठ्याविषयी लिहावे, याचे कारण इतकेच.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी दाल मिलने गावपातळीवरील प्रक्रियेला बळ दिले. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेमुळे वैयक्तिक उद्योजकाला 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. साहजिकच लहान गिरणीचा मालक मोठ्या यंत्राचा विचार करू लागतो. तो यंत्राची किंमत, क्षमता आणि बाजारभाव तपासतो. रोहित्राची क्षमता मात्र प्रस्तावात क्वचितच तपासली जाते.

एक साधा हिशेब पाहू. 50 अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे 37 किलोवॅट. कार्यक्षमता 90 टक्के आणि पॉवर फॅक्टर 0.85 धरल्यास ती पूर्ण भाराला सुमारे 49 केव्हीए मागते. 100 केव्हीएच्या रोहित्रावर आधीच 60 केव्हीए भार असेल, तर बेरीज 109 होते. शिवाय थेट स्टार्टरवर सुरू होताना मोटर पूर्ण भाराच्या सहा-सात पट, म्हणजे 400 अँपिअरच्या आसपास, प्रवाह ओढते. या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे 133 अँपिअरच असतो. परिणामी व्होल्टेज कोसळते आणि त्याच डीपीवरील शेजाऱ्यांचे पंपही अडखळतात. स्टार-डेल्टा स्टार्टरने सुरुवातीचा प्रवाह तिसऱ्या हिश्श्यावर येतो, परंतु फिरण्याचा जोरही तितकाच घटतो. म्हणून यंत्र रिकामे असतानाच सुरू करावे. मात्र स्टार्टर बदलल्याने कायमचा भार कमी होत नाही. सततच्या अतिभाराने तापलेल्या रोहित्राचे इन्सुलेशन झपाट्याने जीर्ण होते.

माझे मत स्पष्ट आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रकल्प अहवालात तीन बाबी सक्तीच्या कराव्यात : हंगामातील कमाल भाराचे प्रत्यक्ष मोजमाप, स्टार्टरचा प्रकार आणि महावितरणकडून वाढीव भाराची लेखी मंजुरी. रोहित्र अपुरे असेल, तर त्याच्या क्षमतावाढीचा खर्च व कालावधी यंत्राच्या मागणीपूर्वीच हिशेबात धरावा. काही दिवस लागले तरी चालतील. भर हंगामात रोहित्र जळाले, तर त्याची किंमत केवळ गिरणीमालक भरत नाही. डीपीवरील प्रत्येक शेतकरी ती भरतो आणि पोत्यांत थांबलेला हरभरा भुंगेऱ्याच्या वाट्याला जातो.