शनिवारचे शेवटचे प्रकरण

वाचकहो, आधी एक कबुली देऊन टाकतो. मी मराठीचा मास्तर. तीस वर्षे वर्गातल्या बाकांखालून रहस्यकथा जप्त केल्या आणि एकही कधी उघडून पाहिली नाही. त्या पापाची फेड गेले वर्षभर दर शनिवारी चालू आहे.

आई 84 वर्षांची. अकोल्याला जठारपेठेत धाकट्या भावाकडे असते. डोळ्यांना आता अक्षर लागत नाही, म्हणून मी अमरावतीहून एस.टी.ने जातो आणि दुपारी तिला वाचून दाखवतो. पहिल्या शनिवारी मी मोठ्या भक्तिभावाने ज्ञानेश्वरी काढली. आई म्हणाली, "ते सकायी. दुपारी झुंजार आन."

झुंजार म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा. अर्नाळकर 1906 साली जन्मले, 1996 साली गेले आणि मधल्या काळात हजारावर रहस्यकथा लिहून मोकळे झाले. आईने त्या लग्नाआधी, वडिलांची नजर चुकवून, माळ्यावर बसून वाचलेल्या. मी मात्र पहिल्यांदाच वाचत होतो, तोही मोठ्याने. मोठ्याने वाचले म्हणजे लेखकाची खरी परीक्षा होते. आमचे कित्येक मान्यवर लेखक दुसऱ्या पानावर दम लागून बसतात. अर्नाळकर नाहीत. वाक्य आखूड, संवाद चटपटीत, आणि प्रकरण संपते ते नेमके दारावर थाप पडताना! योगायोग इतके, की मोजायला कारकून ठेवावा. पण गुन्हेगार कोण, हा तिथे प्रश्नच नसतो. झुंजार पोलिसांच्या हातून निसटणार कसा, एवढेच पाहायचे. आणि त्याची विजया घरात वाट पाहत बसणारी नाही, नवऱ्याच्या बरोबरीने संकटात उडी घेणारी आहे. माळ्यावरच्या त्या मुलीला हे पुस्तक का आवडले असेल, ते मला आत्ता कुठे कळले.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटले, हिला जरा वरच्या दर्जाचे ऐकवू. अगाथा ख्रिस्तीची 1926 सालची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी मी दोन शनिवार मराठीत सांगितली. खुनी कोण ते इथे सांगत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांचा मी शत्रू नाही. एवढेच म्हणतो, की बाई वाचकाशी खोटे बोलत नाहीत, फक्त एक गोष्ट सांगायची ठेवतात. आई शेवटपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "बरं लपवलं वं बाईनं."

नारायण धारपांच्या भयकथांनी माझीच झोप उडवली. साध्या, चारचौघांसारख्या घरात वाईट शक्ती शिरते, आणि पुढे समर्थ येईपर्यंत आपला जीव टांगणीला. आई मात्र गाढ झोपली. गावच्या पिंपळावरच्या मुंजाशी लहानपणीच ओळख झालेली. धारप तिला नवे काय सांगणार?

पावसाळ्यात उद्धव शेळक्यांची 'धग' नेली. 1960 सालची, आपल्याच वऱ्हाडातली. यात खून नाही, पोलीस नाहीत. कौतिक नावाची बाई संसार उभा ठेवायला झटते, एवढेच. संवाद वऱ्हाडीत, आणि ते वाचताना माझी शाळेत घासून पुसून घेतलेली जीभ अडखळली. आईने प्रत्येक वेळी उच्चार सुधारून दिला. मधेच एकदा पदर डोळ्यांना लावला आणि "वाच नं, थांबला काहून?" म्हणून माझ्यावरच खेकसली. ते पुस्तक पाच शनिवार पुरले. माझ्या मते वर्षभरातले तेच सगळ्यांत थोर पुस्तक. झुंजारला राग येऊ नये.

आता मुख्य रहस्य. शेवटचे प्रकरण आले, की आई दर वेळी म्हणायची, "आता राहू दे बाप्पा, पुढच्या शनवारी." मला वाटे, थकत असेल. पुस्तक तिच्या उशाशी ठेवून मी परतीची गाडी धरायचो. मूर्तिजापूर येईपर्यंत शेवटाचे तर्क करण्यात वेळही बरा जायचा.

गेल्या महिन्यात पुतणीने फोडले. दहावीतली मुलगी, पोटात काय राहणार! "मोठे बाबा, आजीला शेवट माहीत असतो. तुम्ही गेले की त्याच रात्री ती माझ्याकडून वाचून घेते. अ‍ॅक्रॉइडचा तर मला मोबाईलवर शोधायला लावला."

"आणि 'धग'चा?"

"त्याचा नाही. मी विचारलं होतं. तर म्हणे, थे वाचू नको, त्याचा शेवट मले ठाऊक आहे."

म्हणजे वर्षभर ही बाई खुनी कोण ते जाणून बसली होती, आणि मी रहस्य उलगडताना "बया बया!" म्हणत होती. एकही चुकीचा तर्क तिने कधी केला नाही, हा धागा माझ्यासमोरच लोंबत होता. मास्तरला दिसला नाही.

आईला मी काही बोललो नाही. परवाच्या शनिवारी राहिलेले शेवटचे प्रकरण नेहमीच्या आवाजात वाचले. झुंजार निसटला. आईने बरोबर त्या वाक्याला हात कपाळाला लावला. मग मी विचारले, "पुढच्या वेळी काय आणू?"

"झुंजारच आन," ती म्हणाली, "पन जरा जाड पाहून आन."

झुंजारची पुस्तके जाड नसतात. मी दोन काढून ठेवली आहेत.