न्यूरेंबर्गचे दगड साक्ष देतात

जर्मनीतले न्यूरेंबर्ग हे पाहण्यासारखे शहर आहे, यात वाद नाही. टेकडीवर सम्राटांचा किल्ला, खाली पेग्निट्झ नदी, थोर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचे घर, सेंट लोरेन्झचे उंच मनोऱ्यांचे चर्च आणि डिसेंबरात भरणारा नाताळचा बाजार. पण आम्ही वकिली करणारी माणसे. आम्हाला या शहराचे नाव पर्यटनाच्या पुस्तकातून नव्हे, कायद्याच्या पुस्तकातून कळले. माणसाला जन्मावरून हीन ठरवणारा ‘न्यूरेंबर्ग कायदा’ इथलाच आणि त्या राजवटीच्या पुढाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात बसवणारा ‘न्यूरेंबर्ग खटला’ही इथलाच. म्हणूनच या शहराच्या इमारती आंबेडकरी माणसाने नीट पाहिल्या पाहिजेत.

सुरुवात मुख्य बाजारचौकापासून करू. तिथे फ्राउएनकिर्खे नावाचे देखणे चर्च आहे. चर्चच्या दर्शनी भागावर १५०९ सालचे घड्याळ आहे. रोज दुपारी बाराला सात राजपुरुषांच्या बाहुल्या सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती फेरी घालतात. पर्यटक माना वर करून पाहतात, टाळ्या वाजवतात. पण हे चर्च कुठे उभे आहे? या जागी ज्यूंची वस्ती होती, त्यांचे सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ होते. १३४९ साली याच चार्ल्सने ती घरे आणि ते सिनेगॉग पाडून बाजारचौक व चर्च उभारण्याची परवानगी दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ५६०हून अधिक ज्यूंची कत्तल झाली. सिनेगॉगच्या जागी चर्च आले आणि परवानगी देणाऱ्याला आजही रोज दुपारी सलामी मिळते! पुढे १४९९ साली उरलेल्या ज्यूंनाही शहराबाहेर काढले गेले. १८५० सालापर्यंत कोणा ज्यूला या शहरात नागरिक म्हणून राहता आले नाही. इमारत सुंदर असली म्हणजे तिचा पायाही स्वच्छ असतो असे नाही, हा या चौकाचा पहिला धडा.

हिटलरला या जुन्या दगडांची प्रतिष्ठा हवी होती. १९३३ ते १९३८ दरवर्षी नाझी पक्षाचे मेळावे इथे भरले. शहराच्या आग्नेयेला आल्बर्ट श्पेअरने झेपेलिन मैदानाची प्रचंड व्यासपीठ-भिंत बांधली. रोमच्या कलोसियमच्या धर्तीवर ५० हजार माणसांचे काँग्रेस हॉल बांधायला घेतले, ते शेवटपर्यंत पुरे झाले नाही. साठ मीटर रुंदीचा ‘महामार्ग’ आखला तो थेट जुन्या किल्ल्याच्या दिशेने, म्हणजे सम्राटांचा वारसा आपल्याकडेच आला असे लोकांना वाटावे. असल्या बांधकामांसाठी ग्रॅनाइट फोडायला फ्लोसेनबुर्गसारख्या छळछावण्यांतले कैदी जुंपले गेले. ऑगस्ट १९३८ मध्ये शहराचे १८७४ सालचे मोठे सिनेगॉग भरदिवसा पाडण्यात आले. सबब काय, तर ते जुन्या शहराच्या शोभेला बाधा आणते!

याच शहरात १५ सप्टेंबर १९३५ रोजी ते कायदे संमत झाले. ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले गेले, ज्यू आणि जर्मन यांच्यातले विवाह गुन्हा ठरले. कोणी कोणाशी लग्न करावे हे जन्मावरून ठरवणारा ग्रंथ आम्हाला नवा नव्हता. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली ती याचसाठी. आणि तारखा पाहा. न्यूरेंबर्गच्या कायद्यानंतर बरोबर अठ्ठावीस दिवसांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. हा योगायोगच. पण एकीकडे जन्माच्या शिक्क्याला राज्याच्या कायद्याचे बळ मिळत होते आणि दुसरीकडे एक महामानव तो शिक्का नाकारत होता, हे आम्ही विसरू शकत नाही.

२ जानेवारी १९४५च्या बॉम्बवर्षावात जुन्या शहराचा सुमारे ९० टक्के भाग जमीनदोस्त झाला. आज जे ‘मध्ययुगीन’ शहर दिसते त्यातले पुष्कळसे युद्धानंतर पुन्हा रचलेले आहे. चर्चेस पुन्हा उभी राहिली. पाडलेले ते मोठे सिनेगॉग मात्र उभे राहिले नाही. त्याची आठवण एका स्मृतिशिळेवर आहे. काय पुन्हा बांधायचे आणि काय शिळेवर भागवायचे, हाही निवाडाच असतो.

आमच्या दृष्टीने शहरातली सर्वांत मोठी वास्तू म्हणजे न्यायप्रासाद आणि त्यातले न्यायदालन क्रमांक ६००. इमारत बऱ्यापैकी शाबूत होती, तिला लागून तुरुंग होता, म्हणून ही जागा निवडली गेली. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ असा खटला चालला. बारा जणांना फाशीची, सात जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, तिघे सुटले. ‘वरून हुकूम होता’ ही सबब न्यायालयाने मान्य केली नाही. आमच्याकडे फिर्याद न नोंदवणारा फौजदारही हीच सबब सांगतो! आणि लक्षात घ्या, हा खटला मुख्यतः नाझींच्याच कागदपत्रांवर उभा राहिला. त्यांचेच हुकूम, त्यांच्याच नोंदवह्या, त्यांच्याच सह्या.

तरी जर्मनांना देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. खटल्यानंतर हे शहर कित्येक वर्षे गप्प होते. मेळाव्याच्या मैदानाभोवती मोटारींच्या शर्यती झाल्या, काँग्रेस हॉल गोदाम म्हणून वापरले गेले. तिथे माहिती केंद्र उघडायला २००१ साल उजाडले. वास्तुविशारद ग्युंटर डोमेनिग याने काच आणि पोलादाचा एक दालनमार्ग त्या दगडी इमारतीत बाणासारखा आरपार घुसवला. इमारत पाडली नाही, सजवलीही नाही. तिला छेद दिला. झेपेलिन मैदानाची भिंत ढासळू लागली तेव्हा ती कोसळू द्यावी असे म्हणणारेही होते. २०१९ साली सुमारे साडेआठ कोटी युरो खर्चून ती आहे तशी टिकवायचे ठरले. भव्यता परत आणायची नाही, पुरावाही नष्ट होऊ द्यायचा नाही.

१९९३ साली इस्रायली शिल्पकार दानी कारावान याने याच शहरात ‘मानवी हक्कांचा मार्ग’ उभारला. पांढऱ्या खांबांवर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची कलमे कोरली आहेत. शहर मानवी हक्कांचा पुरस्कारही देते. २००३ साली तो मुंबईच्या तिस्ता सेटलवाड आणि पाकिस्तानचे आय. ए. रहमान यांना मिळाला. पण याच शहरात २००० ते २००५ या काळात नवनाझी टोळीने तुर्की वंशाच्या तीन माणसांना गोळ्या घातल्या. पोलीस कित्येक वर्षे मृतांच्या नातलगांवरच संशय घेत राहिले. खरे मारेकरी २०११ साली उघडकीस आले. खांबांवर कोरलेले हक्क आपोआप कोणाचे रक्षण करत नाहीत. मयताच्या घरच्यांनाच संशयित करणारा तपास आम्हाला सांगायला नको. ॲट्रॉसिटीच्या किती प्रकरणांत आम्ही तो पाहिला आहे!

आता आपल्याकडे वळू. आमचा समाज पुतळे उभारतो, विहार बांधतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या गावात बहिष्कार पडला, वस्ती जळाली, पाणवठा बंद झाला, त्या किती गावांत घटनेची तारीख सांगणारी एक पाटी दिसते? आपण अभिमानाची स्मारके बांधली, आरोपाची स्मारके बांधायची राहिली. आणि पाटी लावायची तर पुरावा हवा. न्यायालयातली जुनी प्रकरणे मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केली जातात. फिर्यादी म्हातारा होऊन मरतो, कागद घरातल्या ट्रंकेत वाळवी खाते आणि वीस वर्षांनी गाव म्हणते, ‘इथे असे काही घडलेच नाही.’

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विहारात एक कपाट अत्याचाराच्या प्रकरणांसाठी राखून ठेवा. फिर्याद, पंचनामा, जबाब, निकाल यांच्या प्रमाणित प्रती काढा आणि गाववार लावा. ज्या प्रकरणात शिक्षा कायम झाली, त्या गावात शासनाने पाटी लावावी असा अर्ज द्या. अर्ज फेटाळला तर तो आदेशही त्याच कपाटात ठेवा. चवदार तळ्यावरचा आपला हक्क बाबासाहेबांनी सत्याग्रहाने गाजवला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने कायमचा केला. ते दोन्ही मार्ग जाणत होते.

न्यूरेंबर्गचे दगड आज बोलतात, कारण आधी कागद बोलले. आपले कागद आज जपले नाहीत, तर उद्या आपले दगडही मुकेच राहतील.

जयभीम!