गळा आहे, मास्तर कुठे आहे?

सहा-सात वर्षांच्या मुलीला गाणे शिकवायचे आहे, मास्तर सांगा, असे मनोरमध्ये कोणालाही विचारा. पालघरला जा, बोईसरला जा, नाहीतर सरळ वसई-विरार गाठा, हेच उत्तर मिळते. बाप तारापूर एमआयडीसीत पाळीवर, आई दुसऱ्याच्या कामावर. मग मुलीला गाडीत बसवून न्यायचे कोणी? आठवड्यातून दोन दिवस आईने खाडा करायचा तर शिकवणीची फी राहिली बाजूला, बुडालेली मजुरीच जड होते. महामार्ग गावाच्या दारातून जातो, मस्तान नाक्यावर दिवसरात्र ट्रक धावतात, पण पेटीचे चार सूर समजावून सांगणारा माणूस मात्र गावात नाही.

गाणे ही चैन आहे, आधी पोरांचे गणित-इंग्रजी बघा, असे आमचेच काही सुशिक्षित बांधव म्हणतात. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिन हाती घेतले, रीतसर शिक्षक ठेवून ते शिकले, ते काय रिकामा वेळ जात नव्हता म्हणून? संविधान, धम्म, ग्रंथलेखन, ढासळती प्रकृती, एवढ्या सगळ्यात त्यांनी सुरांसाठी वेळ काढला. आपण मात्र पोरांच्या वाट्याला फक्त स्पर्धा परीक्षा ठेवायची!

एका समाजबांधवाच्या मुलीसाठी आम्ही स्वतः ही पायपीट केली. मुलगी विहारात वंदना म्हणते तेव्हा मोठी माणसे गप्प होतात, असा तिचा गळा. एका शहरातील शिक्षकाने तिचे गाणे ऐकण्याआधी आडनाव विचारले. आम्ही सांगितले. मग म्हणाले, 'भीमगीते म्हणते ना? मग ती आधी बंद करा, गळा बिघडतो.' आम्ही मुलीला घेऊन परत आलो. लहान मुलाला माईकसमोर उभे करून मोठ्या गायकाच्या पट्टीत ओरडायला लावले तर गळ्यावर ताण येतो, हे खरेच आहे. पण तो दोष माईकचा, पट्टीचा आणि टाळ्यांसाठी हपापलेल्या आपला. भीमगीताचा त्यात काय अपराध? अभंग ओरडून म्हटला तरी गळा बसतोच.

ज्या समाजाने भीमराव कर्डकांचे जलसे उभे केले, ज्याला वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप मिळाले, त्या समाजाच्या पोराला गुरू शोधत वणवण करावी लागते. वामनदादांना तर अक्षरओळखही मोठेपणी, मुंबईत आल्यावर झाली. कव्वालीच्या सामन्यांत रात्र-रात्र जागवणाऱ्या गायन पार्ट्या हीच आमची संगीतशाळा होती. ढोलकीवाल्याच्या मांडीशी बसून पोर ताल शिकत होते. शिंदे कुटुंबात तिसरी पिढी गाते आहे. याला घराणे म्हणायला प्रस्थापितांची जीभ का अडखळते? आणि आपणही या कलावंतांना दाद दिली, नोटा उधळल्या, पण 'मास्तर, आमच्या पोराला शिकवा, दरमहा एवढे घ्या' असे किती जणांनी म्हटले?

मनोरच्या आसपासचा आदिवासी पट्टा तर सुरांनी भरलेला. सुकवलेला दुधी भोपळा, बांबू आणि मेण यांतून तारपा उभा राहतो आणि श्वास न तोडता वाजवला जातो. जव्हार भागातील नव्वदी ओलांडलेले तारपावादक भिकल्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. आनंदच आहे. पण ज्याला पद्मश्री, त्याची विद्या शाळेच्या वेळापत्रकात नाही.

आता कायद्याचे पाहू. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मुलाच्या सर्वांगीण विकासाची आणि अंगभूत गुणांच्या जोपासनेची भाषा करते. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत कला शिक्षणाचा अंशकालीन निदेशक फक्त सहावी ते आठवीसाठी आहे, आणि तोही पट शंभरावर असेल तरच. म्हणजे पाड्यावरची वीस-तीस पटाची जिल्हा परिषद शाळा यातून आपोआप बाद. पहिली-दुसरीतल्या मुलीसाठी तर अनुसूचीत गाण्याचा शिक्षकच नाही. पुढे दहावीला मान्यताप्राप्त शास्त्रीय कला परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, ते कोणाला? ज्यांना लहानपणी मास्तर मिळाला त्यांना. या गुणांचा निकाल सहाव्या वर्षीच लागलेला असतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, १४ एप्रिलच्या डीजेच्या वर्गणीतला काही हिस्सा बाजूला काढून विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग सुरू करावा. गायन पार्टीतला एखादा जाणता पेटीवाला बोलवावा आणि त्याला मानधन ठरवून द्यावे. फुकटची सेवा मागू नये, फुकटची सेवा चार महिन्यांत बंद पडते. पोरांनी आधी ऐकावे, टाळीवर ताल धरावा, आपल्या पट्टीत गावे. परीक्षेची घाई नको. एक वर्ष तरी स्टेज दाखवू नये. वर्गाचे दार उघडे असावे आणि एक आई तिथे बसलेली असावी. हे आम्ही वकील म्हणूनही सांगतो, कारण पोक्सोची प्रकरणे आम्ही पाहिली आहेत. मास्तर ओळखीचा आहे म्हणून हा नियम सैल करू नये. तारपावाल्या काकांनाही महिन्यातून एकदा मानाने बोलवावे. बौद्ध आणि आदिवासी पोरे एका सतरंजीवर बसतील, ही गोष्ट आमच्या दृष्टीने मोठी.

दुसरे काम शाळेतले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. पण बहुतेक ठिकाणी आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि पालक सही करून घरी जातात. पुढच्या बैठकीत आयांनी सही करण्याआधी त्यात एक ओळ घालायला लावावी: पहिली ते पाचवीसाठी संगीत निदेशक आणि एक पेटी. मागणी नामंजूर झाली तर कारण लेखी मागावे. त्या कागदाची एक प्रत आमच्याकडे आणून द्यावी, पुढचे आम्ही बघू.