'स्वामी'ची चिता आणि खैरलांजीची कुजबुज

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली. तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाने माधवराव-रमाबाईंच्या प्रेमापायी किती रुमाल ओले केले असतील, त्याचा हिशेब नाही. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर, मोहाडी, पवनीकडची आमची शिकलेली मुलेमुलीही ही कादंबरी वाचतात आणि त्यांनाही ती आवडते. आवडू द्या. भाषा गोड आहे, हे आम्हीही मान्य करतो. पण त्या गोडव्यातून आपल्या घशाखाली काय उतरवले जाते, हे कोण सांगणार?

कादंबरी थेऊरला संपते. १७७२ साली माधवराव क्षयाने जातात आणि रमाबाई सती जातात. वाचकाने इथे हात जोडावेत, अशीच सारी मांडणी आहे. जिवंत बाईचे जळणे म्हणजे प्रेमाची परमावधी! बाबासाहेबांनी याचे उत्तर फार आधी देऊन ठेवले आहे. १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात त्यांनी दाखवून दिले की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा जातीबाहेर लग्न होऊ नये यासाठी आहेत. नवरा मेला की मागे राहिलेली बाई जातीला धोका. तिला जाळा, नाहीतर विधवा म्हणून कोपऱ्यात बसवा. पतिभक्तीचा मुलामा त्यावर नंतर चढला. ज्या चितेपाशी आपण डोळे पुसतो, ती जातीच्या कुंपणाची खुंटी आहे.

आणि त्या पेशवाईत महार-मांग कसे जगत होते? जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त लिहिले आहे. तालीमखान्यासमोरून गेलेल्या महार-मांगाचे शिर उडवून त्याचा चेंडू करीत, असे ती चौदा वर्षांची पोर सांगते. तिचा निबंध आमच्या किती घरांत आहे?

कुणी म्हणेल, प्रेमाच्या कादंबरीत महारवाडा कशाला हवा? अमेरिकेतही असेच म्हणत होते. बाबासाहेबांचे 'जातिनिर्मूलन' १९३६ सालचे; त्याच वर्षी तिकडे मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड' आली. गुलामांच्या मालकांचे प्रणय आणि धन्यावर जीव टाकणारे काळे नोकर! २००१ मध्ये अॅलिस रँडल या कृष्णवर्णीय लेखिकेने तीच कथा गुलाम बाईच्या पोटी जन्मलेल्या मुलीच्या तोंडून सांगितली. मिचेलच्या वारसांनी कोर्ट गाठले, तरी पुस्तक आलेच. शनिवारवाड्याबाहेरच्या मांगिणीने सांगितलेली 'स्वामी' आपल्याकडे कुठे आहे?

हा नुसता साहित्याचा वाद नाही, हे भंडारा जिल्ह्याइतके कुणाला कळणार? २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारले. त्यानंतर काय पसरले? 'अनैतिक संबंधां'ची कुजबुज. कष्ट करून जमीन सांभाळणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या बौद्ध बाईच्या चारित्र्यावर गावाने बोट ठेवले आणि वर्तमानपत्रांनी ते छापले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. वाड्यातल्या बाईचे प्रेम म्हणजे भक्ती आणि आमच्या बाईशी जोडलेला कोणताही संबंध म्हणजे अनीती, ही शिकवण लोकांच्या डोक्यात एका दिवसात शिरत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या गोष्टींतून मुरते.

बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. पुस्तके जाळायला आम्ही मोकळे नाही. बाबासाहेबांनी जाळली ती माणसाला माणूस न मानणारी स्मृती होती. आम्हाला आमच्या कादंबऱ्या हव्यात. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला, दान देणाऱ्यांची नावे दगडावर सापडली. त्यांनाही प्रेम, विरह, संसार असेलच ना? त्यांच्यावर लिहायला पेशव्यांची बखर लागत नाही.

तोवर येत्या वर्षावासात, विहारातले ग्रंथवाचन आटोपल्यावर एक संध्याकाळ राखून ठेवावी. 'स्वामी'चा शेवट आणि मुक्ताचा निबंध एकापाठोपाठ मोठ्याने वाचावा. वाचणाऱ्या मुली असाव्यात, आणि नंतर त्यांनाच आधी बोलू द्यावे.