विकतचा खेळ आणि परक्याची किल्ली

गेल्या मे महिन्यांत सुटीच्या निमित्तानें आम्ही चार दिवस ठाण्याहून डोंबिवलीस धाकट्या भगिनीच्या घरीं राहावयास गेलों होतों. भाच्याची मुंज नुकतीच फेब्रुवारींत झाली होती. आहेराच्या रकमेंतील कांहीं पैसे त्याच्या आईनें त्याच्या स्वाधीन केले होते व "हे तुझे, पण विचार करून खर्च कर," असें बजाविलें होतें. मुलानें दोन महिने विचार केला, चार मित्रांचा सल्ला घेतला, आणि अखेर लॅपटॉपवर खेळावयाचा एक व्हिडिओ गेम विकत घेतला. स्वतःच्या पैशानें केलेली ती त्याची पहिलीच खरेदी. आम्ही पोंचतांच त्यानें तो मोठ्या अभिमानानें आम्हांस दाखविला. खेळ एकट्यानेंच खेळावयाचा. त्यांत ना प्रतिस्पर्धी, ना पैशाची पैज.

दुसऱ्या दिवशीं ऐन दुपारीं वीज गेली. पंखे थांबले, इंटरनेटची पेटी विझली. परंतु लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. "मामा, आतां निवांत खेळतों," असें म्हणून मुलानें खेळ उघडला, तों पडद्यावर अक्षरें उमटलीं कीं, सर्व्हरशीं संपर्क होत नाहीं, नंतर प्रयत्न करावा. आईच्या मोबाइलवरून जोडणी घेऊन पाहिली. तीहि दहा मिनिटांत तुटली, आणि तेवढ्या वेळांत मिळविलेलें सर्व वाहून गेलें. मुलाचे डोळे भरून आले. झोपाळ्यावर वाती वळीत बसलेल्या त्याच्या आजी हें सर्व पाहत होत्या. त्यांनीं विचारिलें, "काय रे, पैसे पुरे दिलेस ना? खेळणारा तूं एकटाच ना? मग उघडायला परवानगी कुणाची मागतोस?"

ह्या प्रश्नास मुलापाशीं उत्तर नव्हतें. खरें सांगावयाचें तर आमच्यापाशींहि नव्हतें. घरीं परतल्यावर आम्ही ह्या विषयाची थोडी चौकशी केली. तिचें सार वाचकांपुढें ठेवीत आहों.

असा खेळ आपल्या यंत्रांत पूर्णपणें उतरविलेला असला, तरी सुरू होण्यापूर्वीं, व पुष्कळदां सुरू असतांनाहि, तो कंपनीच्या दूरच्या यंत्रास विचारणा करीत असतो. तिकडून होकार आला तरच पुढें चालतो. ह्याचीं कारणें कंपन्या सांगतात तीं अगदींच पोकळ नाहींत. चोरून केलेल्या नकला रोखाव्या, कोणी लबाडी करूं नये, खेळणाऱ्याची प्रगति सुरक्षित राहावी, हे हेतु योग्यच आहेत. शिवाय जेथें अनेकजण मिळून खेळतात तेथें जोडणी लागणारच. पत्त्यांचा डाव मांडावयाचा तर चौघे जमलेच पाहिजेत. आमची तक्रार आहे ती एकट्याच्या खेळावर बसविलेल्या ह्या पहाऱ्याविषयीं.

ह्या पहाऱ्याचा जाच पाश्चात्य देशांनींहि अनुभविला आहे. मे २०१२ मध्यें 'डायब्लो ३' हा खेळ बाजारांत आला, त्या दिवशीं सर्व्हरवर इतकी गर्दी लोटली कीं, पैसे मोजलेल्या असंख्य लोकांस दारांतूनच परतावें लागलें. मार्च २०१३ मध्यें नगररचनेच्या 'सिमसिटी' ह्या खेळाची तीच गत झाली. त्या वेळीं निर्मात्यांचें म्हणणें असें कीं, खेळाची कांहीं आंकडेमोड सर्व्हरवरच होते, सबब जोडणीवांचून गत्यंतर नाहीं. परंतु एक वर्षानें, मार्च २०१४ मध्यें, त्यांनींच जोडणीविना खेळण्याची सोय करून दिली. जें अशक्य म्हणून सांगितलें तें शक्य होतें. केवळ इच्छेचा प्रश्न होता.

ह्याहून गंभीर प्रकार 'द क्रू' ह्या मोटारींच्या खेळाचा. २०१४ सालीं निघालेल्या ह्या खेळाचे सर्व्हर युबिसॉफ्ट कंपनीनें ३१ मार्च २०२४ रोजीं कायमचे बंद केले. ज्यांनीं दुकानांतून चकती विकत आणून कपाटांत जपून ठेविली होती, त्यांच्याहि हातीं केवळ प्लास्टिकचा तुकडा उरला. ह्यावरून रॉस स्कॉट ह्या अमेरिकन गृहस्थानें चळवळ सुरू केली; युरोपीय संघाकडे करावयाच्या मागणीवर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे: कंपनीनें सर्व्हर खुशाल बंद करावे, परंतु विकलेला खेळ पुढेंहि चालेल अशी तजवीज करून मगच बंद करावे. कॅलिफोर्नियांत तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे कीं, ग्राहकास केवळ वापराचा परवाना मिळत असेल तर तसें स्पष्ट सांगितल्यावांचून 'विकत घ्या' हा शब्द विक्रेत्यानें वापरूं नये.

आमच्याकडे तर जोडणी अखंड राहील हें गृहीत धरणेंच धाडसाचें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं कळवा-पडघा वीजवाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्याच्या मोठ्या भागांतील वीज गेली. लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. तो प्रसंग विरळा म्हणून सोडून दिला, तरी पावसांत तार तुटणें व रस्ता खणतांना केबल कापली जाणें हें कल्याण-डोंबिवलीकरांस नवें नाहीं. २०२२ सालीं नवा मार्ग होईपर्यंत जलद लोकल पारसिकच्या बोगद्यांतून जात. तेव्हां मोबाइलवरील अर्धें वाक्य अलीकडे व अर्धें पलीकडे, असा प्रवाशांचा नित्याचा अनुभव होता.

येथें कोणी वडीलधारे म्हणतील, "खेळ बंद पडला तें बरेंच झालें, मुलगा अभ्यासास तरी लागेल." आम्हांस हें मान्य नाहीं. मुलानें किती वेळ खेळावें हें ठरविण्याचा अधिकार त्याच्या आईबापांचा आहे, दूरदेशच्या कंपनीचा नव्हे. आणि मुलाचे डोळे भरून आले ते केवळ खेळ थांबला म्हणून नव्हे. दोन महिने विचार करून, स्वतःचे पैसे मोजून घेतलेली वस्तु आपली नाहीं, हें त्यास त्या क्षणीं उमगलें. पहिल्याच खरेदींत मुलाच्या मनावर हा संस्कार व्हावा, कीं घेणाऱ्यानें पैसे द्यावे आणि पुढें मुकाट्यानें वाट पाहावी, हें आम्हांस घातक वाटतें.

म्हणून पालकांस दोन-तीन सूचना कराव्याशा वाटतात. खेळ घेण्यापूर्वीं त्याच्या माहितींत सतत इंटरनेट लागतें काय, हें मुलासह बसून वाचावें. घेतल्यावर पहिल्याच तासांत इंटरनेट बंद करून खेळ उघडून पाहावा. स्टीम ह्या मोठ्या विक्रीस्थळावर खरेदीपासून चौदा दिवसांत, आणि खेळ दोन तासांहून कमी खेळला असल्यास, पैसे परत मागतां येतात. जी-ओ-जी हें पोलंडमधील दुकान असा पहारा नसलेले खेळ विकतें. ते आपल्यापाशीं साठवून ठेवितां येतात. आपल्या नवी मुंबईंत २०१६ सालीं तयार झालेला 'लुडो किंग' हाहि इंटरनेटवांचून घरच्या घरीं खेळतां येतो. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें आमच्यासारख्या कुटुंबांस डाळ-तांदूळ पारखून व शेजाऱ्यांसह मिळून घेण्याची संवय लाविली. तीच चोखंदळ दृष्टि ह्या नव्या मालासहि लावावयास हवी.

त्या दुपारीं वीज पांच वाजेपर्यंत आली नाहीं. आजींनीं माळ्यावरून यजमानांचा जुना बुद्धिबळाचा पट काढविला. एक उंट हरवला होता. त्याच्या जागीं औषधाच्या बाटलीचें बूच ठेविलें. मुलगा आमच्याशीं दोन डाव खेळला व दुसरा जिंकला. मग पट गुंडाळतांना म्हणाला, "मामा, ह्याला कुणी बंद नाहीं करूं शकत, नाहीं?"

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा अनुभव आला असल्यास त्यांनीं अवश्य कळवावें.