फ्रेमवर्क स्लो की आपल्या चकरा जास्त?

बीसीए, एमसीए करताय? मग हा वाद तुमच्याही ग्रुपमध्ये रंगला असेल: डेटाबेसशी थेट एसक्यूएलने बोलायचं, की हायबरनेटसारखं फ्रेमवर्क मध्ये ठेवायचं? ‘फ्रेमवर्क स्लोच असतं’ असं ठोकून देणारे बरेच. मला हे अर्धवट वाटतं.

आपल्याच जिल्ह्याचं बघा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत हे ५ तालुके आणि त्यांतली गावं स्क्रीनवर दाखवायचीत. एसक्यूएलच्या एका जॉइनमध्ये काम होतं. फ्रेमवर्कमध्ये न बघता लूप फिरवला, तर तालुक्यांची १ आणि प्रत्येकाच्या गावांची १, अशा ६ क्वेरी जातात. किराण्याची यादी हातात असताना दुकानाला सहा चकरा! हायबरनेटलाही ‘जॉइन फेच’ सांगता येतं, सांगणारा पाहिजे.

फ्रेमवर्कचा स्वतःचा थोडा भार असतोच. लाखो नोंदी एकदम भरायच्या असतील, तर थेट एसक्यूएल बरं. रोजच्या फॉर्मसाठी मात्र फ्रेमवर्क कोड वाचवतं. पण सेवा केंद्राच्या रांगेत उभ्या माणसाला यातलं काही दिसत नाही, फक्त फिरणारं चक्र दिसतं. म्हणून आधी एसक्यूएल पक्कं करा, मग फ्रेमवर्क शिका. आणि नावं ठेवण्याआधी ‘शो एसक्यूएल’ चालू करून क्वेरी मोजा.